सौम्य आवृत्ती

शाळेच्या फाटकात आडवी स्कूटर लावून एक पोरगा फोनवर गप्पा हाणत उभा होता. मैदानातून मुली बाहेर पडत होत्या, त्यांना वाट नव्हती. मी नरड्याचा सगळा जोर लावून म्हणाले, "मुडदा बशिवला तुझा, काढ ती स्कूटर!"

आणि माझ्या गळ्यातून, माझ्याच आवाजात, गुळाच्या पाकासारखं गोड आलं, "जरा स्कूटर बाजूला घेता का? धन्यवाद."

पोरानं स्कूटर काढली. वर "सॉरी आज्जी" म्हणाला. मी मात्र कुणीतरी भर बाजारात थोबाडीत मारावी तशी तिथेच उभी राहिले.

मी सुलभा जगदाळे. कराडच्या एका मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि कबड्डीचा संघ घडवते. माझ्या आवाजाला मैदानाचं दुसरं टोक कधी लांब पडलं नाही. मग स्वरयंत्राला गाठ निघाली. तंबाखूला मी आयुष्यात हात लावलेला नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र गेलं आणि गळ्याला 'सुकंठ' आलं.

सुकंठ म्हणजे गळ्याभोवतीची एक मऊ पट्टी आणि कमरेला लावायची साबणाच्या वडीएवढी डबी. माणूस बोलू पाहतो तेव्हा जबडा, जीभ, गळा यांचे स्नायू हलतात आणि हलण्याआधी त्यांच्यात बारीकशी वीज खेळते. आवाज निघो न निघो, वीज खेळतेच. पट्टी ती टिपते. डबीतला संगणक त्यावरून शब्द ओळखतो आणि लगेच बोलून दाखवतो. आवाज आपला स्वतःचाच असतो, कारण ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात बसवून तो उतरवून घेतात. मी तिथे धडे वाचले, कविता वाचल्या, कबड्डीचा दम घातला, आणि शेवटी "समे, ऊठ, उन्हं आली" असंही म्हणून घेतलं. समी म्हणजे समिधा, माझी एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

पहिली काही वर्षं यंत्रानं माझी सेवा इमानेइतबारे केली. मी शिवी दिली की शिवी यायची. मग कंपनीनं एका रात्रीत, मला न विचारता, डबीची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली. नव्या आवृत्तीचं नाव 'प्रसन्न'. ती शब्दांबरोबर नाडी मोजते आणि स्नायूंचा ताणही मोजते. ताण एका रेषेपलीकडे गेला, की रुग्ण रागावला असं ती धरते आणि त्याच्या वाक्याची सौम्य आवृत्ती बोलते. रागानं रक्तदाब वाढतो, कर्करोगातून उठलेल्या माणसाला तो झेपत नाही, असं कारण दिलं होतं. म्हणजे राग माझा, रक्तदाब माझा, आणि दोन्हींचे मालक हे!

स्कूटरवाल्या पोराचं मी हसण्यावारी नेलं. तक्रार करू सवडीनं, म्हटलं. सवड मिळायच्या आत बैठक झाली.

समिधा सासरहून आली ती एका पिशवीनिशी. पाठीवर वळ होते. नवरा अभिजीत शेळके, सांगलीला चांगली नोकरी, लोकांत बोलायला लाघवी. मी तिला म्हणाले, आता जायचं नाही. ती म्हणाली, "तू चारचौघांत म्हणशील?" मी म्हणाले, का नाही म्हणणार? हे बोलणं आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात, शांतपणे केलं होतं. त्यामुळे यंत्रानंही ते सरळ बोलून दाखवलं.

आमच्याकडे असल्या गोष्टी बैठकीत सुटतात, किंवा सुटल्या असं म्हणायचं असतं. अभिजीत आला, त्याची आई आली, मध्यस्थ म्हणून दोन्हीकडचे पाहुणे असलेले दत्ताजी आबा आले. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून आमच्या बाजूनं धाकटे दीर बापू आणि जाऊ शालन. चहा आला. आबांनी विचारलं, "बोला जगदाळे बाई, तुमचं काय म्हणणं?"

मी अभिजीतकडे बघितलं. तो बिस्किट बुडवून खात होता. माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, "या जनावराच्या दारात माझी मुलगी पुन्हा पाय ठेवणार नाही."

माझा आवाज म्हणाला, "झालं गेलं विसरून दोघांनी समजुतीनं घ्यावं, एवढीच माझी इच्छा आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा म्हणाले, आणखी जोरात. आवाज आणखी मऊ झाला. "अभिजीतराव, लेकीला सांभाळून घ्या." मी टेबलावर मूठ आपटली. कागद ओढून त्यावर 'नाही, नाही, नाही' असं लिहिलं आणि बापूंपुढे धरलं. बापूंनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "वहिनी जरा भावुक झाल्यात. आईचं काळीज आहे."

एकट्या कंपनीला तरी मी का शिव्या देऊ? बापू हे काम आयुष्यभर फुकटात करत आले होते.

आबा खूश झाले. "बघा, याला म्हणतात पोक्तपणा." शालननं आतून नारळ आणि खण आणला. समिधानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवत होते, हात हलवत होते, आणि गळ्यातली ती सटवी गोड गोड बडबडत होती. समिधानं मुकाट्यानं पदर पुढे केला, शालननं ओटी भरली, आणि माझी मुलगी गाडीत जाऊन बसली.

ते शब्द माझे नव्हते, असं मी तिला फोनवर लिहून पाठवलं. 'ठीक आहे आई' असं उत्तर आलं. तिचा फोन अभिजीतकडे असतो हे मला नंतर कळलं.

कंपनीला फोन लावला तेव्हा पलीकडच्या मुलीनं फार गोड ऐकून घेतलं. माझं बोलणंही तिला गोडच ऐकू जात असणार.

"मॅडम, प्रसन्नबद्दल आमच्याकडे फारच छान अभिप्राय आहेत," ती म्हणाली. "बहुतेक सगळी कुटुंबं समाधानी आहेत."

"कुटुंबं? आणि ज्यांच्या गळ्यात पट्टी आहे ते?"

"त्यांचेही अभिप्राय उत्तमच आहेत, मॅडम. ते त्याच यंत्रातून घेतले आहेत." वर तिनं सल्ला दिला, "तुम्ही शांत राहून बोललात ना, तर तुमचे शब्द जसेच्या तसे येतील."

म्हणजे लेकीच्या पाठीवरचे वळ बघून जिची नाडी वाढत नाही, तिलाच काय ते बोलायचा हक्क! जुनी आवृत्ती परत द्या, म्हटलं. ते धोरणात बसत नाही, म्हणाली.

दिवाळीनंतर समिधा परत आली. या वेळी पिशवी नव्हती, कारण पिशवी धरायला हात नव्हता. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. बाथरूममध्ये घसरले, असं तिनं दारातच सांगून टाकलं, शेजारीण उभी होती म्हणून. मी तिला वहीभर लिहून दाखवलं, यंत्रानं काय केलं ते. तिनं सगळं वाचलं.

"कागदावर सगळेच शूर असतात, आई," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दोन दिवसांनी आबांचा निरोप आला. रविवारी बैठक. अभिजीतराव न्यायला येणार.

गळा गेलेल्या आम्हा लोकांचा फोनवर एक गट आहे. तिथे विचारलं तर उत्तर लगेच आलं. नांदेडच्या एका वकिलांनी सुकंठची जुनी सिस्टीम फाईल करून जपून ठेवली होती. त्यांनाही कोर्टात उलटतपासणी करायची होती, आणि प्रसन्न साक्षीदाराची माफी मागत होती. 'पहिल्या खेपेतल्या डबीला बाहेरची सिस्टीम चालते,' त्यांनी लिहिलं. 'नंतरच्या डब्यांना कंपनीनं कुलूप घातलंय. पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा आणि डबी त्यावरून सुरू करा.' माझी डबी पहिल्या खेपेतली होती.

आता पेनड्राइव्ह आणि तो लावायला भोक असलेला संगणक दोन्ही कुठून आणायचं? सगळे नवे संगणक हवेतून चालतात. पण आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जुने संगणक होते, कारण ते मोडीत काढायचा प्रस्ताव वरच्या कार्यालयात पडून होता. त्यांचे राखणदार तारळेकर सर. सज्जन माणूस. मुख्याध्यापकांना, बायकोला आणि संगणकाला कधी नाही म्हणालेला नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी समिधाला घेऊन तिथे गेले. एकटीला घरी ठेवायची माझी तयारी नव्हती. ती खिडकीजवळच्या बाकावर बसली. सरांनी कपाटातून स्नेहसंमेलनाची गाणी असलेला पेनड्राइव्ह काढला.

"बाई, हे नियमात बसतं ना?"

मी वहीत लिहिलं, 'माझ्या गळ्याला कुणी नियम विचारला होता?'

सरांनी फाईल उतरवली आणि पेनड्राइव्हवर कॉपी केली. झालं, म्हणाले. मी डबी बंद केली, पेनड्राइव्ह लावला, बटण दाबून धरलं. डबी नेहमीसारखी सुरू झाली. "नमस्कार, आजचा दिवस छान जावो," माझा आवाज म्हणाला. मी ती भिंतीवरच फेकणार होते.

सरांनी कपाळावर हात मारला. चूक त्यांच्या लगेच ध्यानात आली, आणि ती त्यांनी मला वर्गात शिकवतात तशी समजावून सांगितली. संगणक सुरू होतो तेव्हा तो कोरा असतो, आपल्यात काय काय आहे हेही त्याला माहीत नसतं. तो फक्त एक ठरलेली जागा चाचपतो. पुढे काय करायचं याच्या पहिल्या सूचना तिथे लिहिलेल्या असतात. त्या सूचना ऑपरेटिंग सिस्टीमला उठवतात आणि मग ती सगळं घर चालवते. फाईल नुसती कॉपी केली तर ती पेनड्राइव्हवर असते, पण त्या जागी नसते. बी पाकिटासकट मातीत ठेवलं तर उगवणार कसं? ती फाईल उघडून, तिच्यातला कण अन् कण पहिल्यापासून पेनड्राइव्हवर मांडावा लागतो. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

"गाणी जातील," सर हळहळले.

मी नुसतं बघितलं. गाणी गेली.

प्रोग्रॅमनं काम केलं. पडद्यावरचा प्रगतीचा पट्टा हळूहळू भरत गेला, पूर्ण झाला. आणि तेवढ्यात पडद्यावर नवी चौकट आली. 'ही डिस्क वाचता येत नाही. वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची आहे. करू का?'

सरांनी 'होय' दाबलं.

कुणी काही विचारलं की होय म्हणायचं, ही त्यांची जन्माची सवय. मला कळेपर्यंत पेनड्राइव्ह पुन्हा कोरा झाला होता. पेनड्राइव्ह मुळीच बिघडलेला नव्हता. डबीची सिस्टीम वेगळ्या जातीची, तिचा प्रोसेसर वेगळा, तिची लिहायची पद्धत वेगळी. शाळेच्या संगणकाला ते वाचता आलं नाही, म्हणून त्यानं ते बिघडलेलंच धरलं आणि साफ करायला निघाला. मला बापू आठवले.

"आई," खिडकीजवळून समिधा म्हणाली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "सरांचा हात धर."

पुन्हा मांडणी केली. चौकट पुन्हा आली. सरांचं बोट आपोआप पुढे सरकलं आणि मी त्यांचं मनगट कबड्डीतल्या पकडीसारखं आवळलं. त्यांना दुखलं असणार. "नाही दाबा," समिधा म्हणाली. सरांनी घाम पुसला आणि 'नाही' दाबलं. मला वाटतं त्यांच्या नोकरीतलं ते पहिलंच असावं.

पेनड्राइव्ह डबीला लावला. बटण दाबून धरलं. या वेळी डबीच्या चिंचोळ्या पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. मी त्यातलं हवं ते निवडलं. मग शेवटची सूचना आली. 'या यंत्रावरील सर्व माहिती पुसली जाईल. वापरकर्त्याचा आवाज-नमुनाही पुसला जाईल. पुढे जायचं?'

मी थांबले. नमुना कंपनीकडेही होता, पण जुनी सिस्टीम घालणाऱ्याला कंपनी तो परत देत नाही, असं वकिलांनी लिहिलं होतं. हे मी वाचलं होतं. वाचून वेगळ्या कप्प्यात टाकून दिलं होतं.

समिधा जवळ येऊन उभी राहिली. तिनं ती ओळ वाचली.

"म्हणजे तुझा आवाज जाणार."

मी मान हलवली.

"मग नको. आई, नको करू. तिकडे असताना फोन हाती लागला की मी तुझे जुने निरोप ऐकायचे. त्यानं फोन फोडला, त्यात तेही गेले. आता हा एवढाच उरलाय." तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी बोलेन उद्या. मी सांगेन त्यांना."

ती उद्या काय बोलणार होती ते मला दिसत होतं. बाथरूममध्ये घसरले, एवढंच.

मला इतका संताप आला, की तो कुणाकुणावर वाटावा ते कळेना. माझा आवाज माझ्या गळ्यातून डॉक्टरांनी काढला, ते मी सोसलं. तो माझा जीव वाचवायला काढला होता. पण उरलेला या लोकांनी उचलून माझ्या लेकीच्याच विरुद्ध साक्षीला उभा केला, आणि आता तो मला सोडवत नव्हता, कारण तो गोड होता. मी वहीत लिहिलं, 'ज्या आवाजानं तुला परत धाडलं, तो माझा नव्हे.'

तिनं ते वाचलं आणि बाहेर व्हरांड्यात निघून गेली. मी 'होय' दाबलं.

डबी बराच वेळ मुकी राहिली. सर देवाचं नाव घेत बसले होते. मग हिरवा दिवा लागला. जुन्या सिस्टीमबरोबर कारखान्यातला एक ठरावीक आवाज येतो. तो पुरुषाचा होता. जाडसर, संथ, धरणातल्या पाण्याची पातळी सांगणाऱ्या निवेदकाचा. मी मनातली पहिली गोष्ट म्हणाले.

"त्या अभिजीतचा मुडदा बशिवला," निवेदकानं जाहीर केलं.

तारळेकर सर खुर्चीतून उठलेच. मी डबीतलं सिम काढून खिशात टाकलं, म्हणजे रात्रीतून प्रसन्न पुन्हा शिरायला नको. व्हरांड्यात समिधा पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

रविवारी बैठक. तीच माणसं, तोच चहा. शालननं ताट आधीच तयार ठेवलं होतं. नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. आबा म्हणाले, "मागच्या खेपेला बाईंनी मोठेपणा दाखवला. आताही तोडायचं नाही, जोडायचं. काय बाई?"

"माझी मुलगी जाणार नाही," मी म्हणाले.

त्या जाड्या आवाजानं सगळे दचकले. अभिजीत तर चक्क हसला. त्याची आई म्हणाली, "अगं बया, हे काय आता?"

"मशीन बिघडलंय," बापू घाईनं म्हणाले. "आबा, वहिनींचं म्हणणं असं आहे, की—"

"बापू, तोंड मिटा. माझं म्हणणं माझं मी म्हणते."

बापूंचं तोंड खरंच मिटलं. त्या घरात आजवर पुरुषाच्या आवाजात त्यांना कुणी गप्प केलं नव्हतं, आणि बाईच्या आवाजात ते गप्प होत नव्हते. याचाही मला रागच आला, पण तो मी पुढच्यासाठी ठेवला.

आबा खाकरले. "बाई, मागं तर तुम्हीच म्हणाला होता, समजुतीनं घ्या. खरं कुठलं धरायचं? तेव्हा तुमचा स्वतःचा आवाज होता. हा तर कुणा परक्याचा आहे."

"तेव्हा आवाज माझा होता आणि शब्द परक्याचे. आज आवाज परक्याचा आहे. शब्द माझे आहेत. तुम्हाला त्या दिवशीचे आवडले, कारण तेच ऐकायचं होतं. मी टेबल बडवत होते ते नाही दिसलं? कागद लिहिला तो कुणी वाचला? बापू, आहे का अजून खिशात?"

मी अभिजीतकडे वळले. माझी नाडी कानात वाजत होती, आणि निवेदक एकेक शब्द सावकाश, चढ ना उतार, ठेवत गेला. "तू तिचा हात मोडलास. ती बाथरूममध्ये घसरली नाही. उद्या सकाळी मी तिला घेऊन पोलिसांत जाणार आहे. जाताना आबांचं बोट धरणार नाही आणि बापूंचंही नाही."

"आई, तुम्ही जरा शांत व्हा," अभिजीत लाघवीपणानं म्हणाला. "तब्येतीला बरं नाही हे."

मी उठले. मैदानावर पंच म्हणून उभी राहते तशी उभी राहिले, पाय रोवून. हात उंच केला आणि बोट थेट उंबऱ्याबाहेर दाखवलं. गावातली निम्मी माणसं त्या हाताला ओळखतात.

"बाद," निवेदक म्हणाला.

अभिजीतनं आबांकडे बघितलं. आबांनी चहाच्या कपात बघितलं. त्याची आई उठली, पदर सावरत शालनच्या ताटाकडे बघून म्हणाली, "आणि ही ओटी? मांडलेली ओटी मोडत नसतात."

आता सगळ्यांचं लक्ष समिधाकडे गेलं. ती आतल्या दाराशी उभी होती. ती चालत पुढे आली. डाव्या हातानं तिनं ताटातला नारळ उचलला आणि शालनच्या हातात दिला.

"काकू," ती म्हणाली, "हा चटणीला घ्या."

गाडी गेली. आबाही गेले. बापू मागच्या दारानं निघून गेले, आणि शालन नारळ माझ्या हातात देऊन त्यांच्यामागे गेली. मी नारळ फोडला, खवला, आणि पाटा काढला. समिधा शेजारी येऊन बसली.

"आई, काहीतरी बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?" निवेदकानं विचारलं.

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मला हसू आलं, पण हसणं त्या जुन्या सिस्टीमला जमत नाही. ते आत कुठेतरी अडकून राहिलं. मी वाटत राहिले. मिरच्या घालताना हात आखडता घेतला नाही.